आधी माफी, मग दार

चावीवाला दुकानातच जेवायला बसला होता, तेवढ्यात मैदानावरच्या माळ्याचा फोन. "पळत ये! कोच सर संडासात अडकलेत. कुलपात चावी मोडलीय."

चावीवाला असा हसला की डबा घेऊन आलेल्या बायकोला वाटलं, लॉटरीच लागली.

"काय झालं हो?"

"भूक मेली," म्हणाला आणि हात धुतले.

कोच सर म्हणजे पोरांचा देव. शिस्त, संस्कार, मोठ्यांचा मान, यावर तासतासभर बोलायचे. परवा भर रस्त्यात चावीवाल्याच्या सायकलचं हँडल त्यांच्या गाडीला घासलं. ओरखडा नखाएवढा. सर उतरले, अख्ख्या टीमसमोर त्याची गचांडी धरली. "बघा रे, मेहनत नाही केली की माणसाचं असं भंगार होतं!" पोरं खिदळली. त्यांत चावीवाल्याचा पोरगाही होता, लांब्या. तोही खिदळला. गचांडी एक वेळ पचली असती हो, पण पोटच्या पोराचं ते हसणं घशातच अडकून बसलं होतं.

तर गडी निघाला. पण कसा? शर्ट बदलून, भांग पाडून, रमतगमत.

संडासाबाहेर सगळी टीम जमली होती. आतून सरांचा आवाज, "आला का तो गाढव?"

काम सोपं होतं. वाकडी तार घालून तुकडा ओढायचा, तारेनंच कुलूप फिरवायचं, झालं. पण चावीवाल्यानं दारासमोर मस्त मांडी ठोकली. "भंगार हजर आहे, सर."

"उघड आधी!" आतून दारावर बुक्का बसला.

"उघडतो की. आधी परवाची माफी. पोरांना ऐकू जाईल अशी."

"पोलिसांत देईन तुला!"

"द्या ना. बाहेर आलात की लगेच द्या."

पोरं फुटली हसून. लांब्या सगळ्यांत मोठ्यानं हसला, या खेपेला बापाच्या बाजूनं. चावीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सॉरी," आतून पुटपुटणं.

"दार जाड आहे, सर."

"माफ कर."

"ऐकू आलं का रे?"

"नाही!" सगळी टीम एका सुरात.

आतला माणूस हळूहळू विरघळत गेला. उकाडा, वास, त्यात वर वीतभर फट. शेवटी रडवेला आवाज आला, "चुकलो मी. सगळ्यांसमोर तुमची गचांडी धरली, नाही नाही ते बोललो. माफ करा, दादा. गुदमरतंय मला."

चावीवाल्यानं डोळे मिटून ते कानांत साठवलं. मग तार उचलली. लांब्यानं त्याचं मनगट पकडलं.

"बाबा, एवढ्यात नको ना! अजून रडव त्याला."

"काका, ही बादली ओतू का वरून?" दुसरा एक नळाखालची भरलेली बादली घेऊन उभाच होता. "सांगा फक्त."

सगळ्यांचे डोळे चावीवाल्यावर. काय चमकत होते! लांब्यानं तर जन्मात बापाकडे असं बघितलं नव्हतं. ह्याच नजरेसाठी तर तो परवापासून झुरत होता. आणि खोटं कशाला बोला, बादली बघून त्याचेही हात शिवशिवले. पण पोरं थांबली होती ती त्याच्या एका शब्दासाठी. परवा सर बोलले आणि ती हसली, आज तो म्हणेल आणि ती ओततील.

"बादली खाली ठेव. लांब्या, हात सोड."

"तूच तर सुरू केलंस!"

"हो, मीच."

खट् झालं. सर बाहेर आले, घामानं निथळत, मान खाली. कुणाकडे न बघता निघून गेले.

लांब्या घरापर्यंत चार पावलं पुढेच चालला. दारात वळून म्हणाला, "घाबरलास ना त्याला?"

चावीवाला वाकून चपला काढू लागला. जीव त्याचाही भरला नव्हता. अजून तासभर त्या माणसाला आत कोंडून ठेवायला त्याला फार, फार आवडलं असतं.