कपाटातले ठोके

फ्राउकेनं लिननच्या चादरींसाठी जुनं लाकडी कपाट घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा माइंडर्ट हृदयाच्या ऑपरेशननंतर नुकता घरी आला होता. आईकडून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं अक्षरं भरलेली, या लहान घरात राहायला आल्यापासून खोक्यांतच पडली होती. आजारातून उठलेल्या माणसाला चुरगळलेल्या चादरीवर काय निजवायचं, असं ती सगळ्यांना सांगे. खरं तर तिला घरात काहीतरी भक्कम आणायचं होतं. सहजासहजी न हलणारं.

ग्रोनिंगेन शहराच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधापासून जवळच, हार्म नावाचा माणूस रिकाम्या गोठ्यात जुनं सामान विकायचा. त्याच्याकडे दोन कपाटं होती. एक अक्रोडाच्या लाकडाचं, पुढून फुगीर. दुसरं ओकचं, सरळसोट, खाली चेंडूसारखे पाय.

"हे घेऊ," माइंडर्ट अक्रोडाच्या कपाटावर हात ठेवून म्हणाला. "पोट बघ कसं सुटलंय. थेट माझा भाऊ."

"तुझ्या भावाला रोज सकाळी उठून बघायची मला हौस नाही."

तिनं ओकची दारं उघडली. आतून साबणाचा नि जुन्या लाकडाचा वास आला. फळीच्या कडेला बारीक भोकं होती. तिनं बोट लावून विचारलं, तसा हार्म हसला. "अहो बाई, ती भोकं तुमच्या-माझ्या जन्माआधीची. आत आता काही जिवंत नाही."

"हेच," फ्राउके म्हणाली. माइंडर्टनं खांदे उडवले. तिच्या हट्टापुढे त्याचं कधीच चाललं नव्हतं.

हार्मनं कपाट सुटं करून आणलं आणि लाकडी पाचरी ठोकून पुन्हा उभं केलं. एवढ्या उंचीची भिंत फक्त झोपायच्या खोलीत होती, माइंडर्टच्या पलंगाशेजारी. फ्राउकेनं चादरी इस्त्री करून फिती बांधून रचल्या. मे महिना होता, खिडकी उघडी होती. तिला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

आणि एका दुपारी, माइंडर्ट डोळे मिटून पडलेला असताना, कपाटातून आवाज आला. ठक ठक ठक ठक ठक. भरभर, कुणी नखानं टेबल वाजवावं तसा. मग शांत.

फ्राउकेच्या हातातला अभ्रा तसाच राहिला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती लहान असताना तिचे वडील आजारी होते, तेव्हा पलंगामागच्या तुळईतून असेच ठोके यायचे. आई म्हणाली होती, "मरणठोक्या आलाय. आता माणूस राहत नाही." वडील राहिले नव्हते. पुढे फ्राउकेनं वाचलं होतं, की तो लाकूड पोखरणारा साधा किडा असतो आणि डोकं आपटून मादीला हाका मारतो. ते सगळं तिला पाठ होतं. तरी माइंडर्टची छाती वरखाली होतेय ना, ते बघत ती उभी राहिली.

माइंडर्ट स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं धीर करून फळीवर नख आपटलं. ठक ठक ठक.

आतून उत्तर आलं.

तिनं दार लावलं आणि किल्ली फिरवली. किडा काय किल्लीला भीक घालणार? हार्मला फोन करावा, तर माइंडर्ट विचारणार, कशाला? आणि सांगायचं काय? तुझ्या उशाशी मरण आणून ठेवलं, तेही तुझं न ऐकता, असं? ती गप्प बसली. दुपारी तो झोपायला गेला, की ती रेडिओ मोठ्यानं लावी.

माइंडर्टही बोलेनासा झाला. मोहरीचं सूप त्याच्या जिवाभावाचं, पण चमचा फिरवत बसे. चेहरा मातकट दिसू लागला. जिना चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवी आणि कशाची तरी चाहूल घेतल्यासारखा उभा राही. फ्राउके खालून बघे. आईचे शब्द खरे होताना तिला डोळ्यांदेखत दिसत होते.

शेवटी एका सकाळी कॉफी पिताना त्यानंच तोंड उघडलं.

"फ्राउके, घाबरू नकोस. माझी झडप सुटत चाललीय."

ऑपरेशनमध्ये त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. तिची बारीक टिकटिक दोघांच्या सवयीची झाली होती.

"कोण म्हणालं सुटतेय?"

"मला ऐकू येतं ना! पडलो की मध्येच खडखडते. ठकठकठक. टिकटिक वेगळी, हे वेगळं. चाळीस वर्षं कालव्याच्या दारांवर काढली मी, सैल दार कसं वाजतं ते मला कळतं."

फ्राउके रडत होती की हसत, तिचं तिलाच कळलं नाही, पण ती म्हणाली, "अरे माइंडर्ट, ते कपाट आहे! किडा आहे त्यात! मी रोज ऐकतेय!"

तिनं त्याला दंडाला धरून खोलीत नेलं आणि फळीवर नख आपटलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून ठोके आले. माइंडर्ट पलंगावर मटकन बसला.

"रोज ऐकत होतीस? मग बोलली का नाहीस?"

तिनं आईचं सगळं सांगितलं. मरणठोक्या हा शब्दसुद्धा. तो ऐकत राहिला, पण त्याच्या चेहऱ्यावरची भीती काही जाईना. उलट त्यानं नजर चुकवली.

"काय रे?"

"त्या गोळ्या. रक्त पातळ करायच्या. मी बंद केल्यात."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. मला वाटलं, गाळ कमी होऊन पाणी पातळ झालं की दार जास्त खडखडतं, तसंच हे..."

फ्राउकेला पुढचं ऐकू आलं नाही. गोळी चुकली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की खेळ संपला, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. इतके दिवस ती कपाटाला भीत होती, आणि मरण त्याच्या खिशातल्या न उघडलेल्या डबीत होतं. तिनं फोन उचलला आणि रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेत ती त्याच्या समोर बसली. "हात वर कर. हस. माझं नाव सांग," असं म्हणत त्याचा मेंदू ठीक आहे ना, ते सारखं तपासत राहिली.

"फ्राउके," तो म्हणाला. "हट्टी फ्राउके. बास का?"

"पुन्हा सांग."

गाठ धरली नव्हती. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ झापलं. "आजोबा, शंका आली तर विचारायचं असतं. हे हृदय आहे, कालवा नाही!" रक्त पुन्हा हवं तेवढं पातळ होईपर्यंत त्याला इंजेक्शनांवर ठेवून घेतलं. फ्राउके कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली आणि तिला हुडहुडी भरली. कुणीतरी तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं.

माइंडर्ट घरी यायच्या आधीच तिनं हार्मला बोलावलं. त्यानं फळीला कान लावला आणि ओशाळला. "उपाय करून देतो, बाई. गरम खोलीत ठेवलं की किडे मरतात. कपाट चांगलं आहे."

"चांगलंच आहे. घेऊन जा."

पुढे दोघं पुन्हा त्याच्या गोठ्यात गेले. अक्रोडाचं कपाट तिथेच होतं. फ्राउकेनं कोट काढून माइंडर्टकडे दिला आणि दारांवर, फळ्यांवर, मागच्या लाकडावर एकेक करून नख वाजवत, कान लावत फिरली. हार्मनं घसा खाकरला, तशी तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

"काय म्हणतोय माझा भाऊ?" माइंडर्टनं विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली.