काचेवरचं कुंकू

मित्रांनो, पाण्याखाली बघण्यासाठी डोळ्यांवर चढवतात तो एक जुना मास्क मी आहे, आणि मी संतापलेलो आहे. आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा म्हणतात. माझ्याच्यानं ते होणार नाही.

कारखान्यात काळं रबर आणि जाड काच एकत्र आली आणि मी जन्मलो. पहिल्या मालकानं मला फारसं न वापरताच जुन्या बाजारात विकलं. तिथून चेतनानं मला उचललं. चेतना सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते आणि वडिलांबरोबर जवळच्याच कुंभारी गावात राहते. घरातल्या काचेच्या टाकीतले मासे पाहून तिचं समाधान होत नव्हतं. रानातल्या ओढ्यात आपल्या मर्जीनं फिरणारे मासे तिला बघायचे होते. त्यासाठी केरळला जायचं असं ती दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. मी कपाटात स्वेटरांखाली पडून राहिलो. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तो रबराला काय सोडणार? माझ्या कडेला बारीक भेगा पडल्या.

यंदा मात्र तिनं तिथल्या सहलीला नाव नोंदवलं. रोज सकाळी तरण तलावात मला घालून ती तोंड पाण्यात बुडवायची. आधी घाबरून वर यायची, पुढे शांत तरंगू लागली. एकदा मला थोपटत म्हणाली, "लई गुणाचा हायस तू!" तेवढ्यावर मी कपाटातली सगळी वर्षं विसरलो. दसऱ्याच्या सकाळची गाडी होती. मी मासे बघणार होतो!

आदल्या दिवशी खंडेनवमी आली. चेतनाचे वडील आबासाहेब जन्मभर एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर राबले. नवमीला हत्यारं पुजायची आणि दसरा उजाडेपर्यंत जागची हलवायची नाहीत, हा त्यांचा नेम. पाना, कात्री, विळी यांच्या रांगेत त्यांनी मलाही मांडलं. लेक पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली, तिच्या वस्तूलाही देवाचा हात लागावा असं त्यांना वाटलं. माया खरी होती. पण त्या मायेनं केलं काय? माझ्या रबरात गोडेतेल चोळचोळून मुरवलं, काचेवर कुंकवाची बोटं ओढली आणि वर झेंडू ठेवला.

"आबा, तेल कशाला लावलं? रबर वाया जातं हो!" चेतना ओरडली.

"अगं, भेगा पडल्या हुत्या. चामड्याला लावतो की आपण तेल."

"द्या इकडं, आत्ता धुते."

"पुजलेलं आज हलवत न्हाईत. उद्या घे की!"

तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. त्या माघारीचाही मला राग आहे. पोरांना रोज "का?" विचारायला शिकवणारी बाई एका झेंडूपुढं हरली!

दसऱ्याला पहाटे तिनं मला साबणानं धुतलं, चढवलं आणि बादलीत तोंड घातलं. तेलानं फुगलेलं रबर काचेपासून सुटलं होतं. भसकन पाणी आत शिरलं आणि कडेला अडकलेलं कुंकू तिच्या डोळ्यांत गेलं. डोळे चोळतच तिनं सहलीच्या प्रमुखाला फोन लावला. त्याच्याकडे जादा मास्क होता. तिची सहल वाचली. माझी गेली.

आबांनी मला पुसून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलं, काच भिंतीकडे करून. पुढे केरळहून फोटो आला. हिरव्या पाण्यात लाल पट्ट्याचा मासा होता म्हणे. आबांनी तो शेजारच्या मल्लप्पांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. "आमच्या लेकीनं पाण्यात शिरून फोटू काढलाय, व्हय!" मला कुणी दाखवला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, शिलाई मशीन असेल. वर्षातून एकदा हार घालून मोकळे होऊ नका. तिला काय सोसतं, काय सोसत नाही, ते आधी विचारून घ्या. पुसा, सावलीत ठेवा आणि वापरा हो, वापरा! मला देव व्हायचं नव्हतं. मला मासा बघायचा होता.