स्वतःच्या अक्षरात

तेजस्विनी मॅडमनी माझा कागद परत केला तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

सायली गावातल्या कारखान्यातली एकोणीस वर्षांची सुपरवायझरी सोडून मी त्यांच्या सिल्वासातल्या प्रशिक्षण केंद्रात मशीनकाम शिकवायला येणार होतो. राजीनामा देऊन झाला होता. मुलाखत झाली, मशीन चालवून दाखवलं. राहिला होता एकच कागद: ‘माझं व्यावसायिक ध्येय’, एक पान, स्वतःच्या अक्षरात. सोमवारपर्यंत तो पसंत पडला नाही, तर जागा दुसऱ्याला.

स्वतःच्या अक्षरात कशाला? कारखान्यात काही बिघडलं की साहेब असाच कोरा कागद पुढे सरकवायचे. “भगवंत, खुलासा लिहून दे. अपने हाथ से.” मजकूर त्यांचा, अक्षर आपलं. वर्षभराने तोच कागद आपल्यावर उलटायचा. दुधाने तोंड भाजलेला माणूस मी, बाईंचं ताक तरी कसं सुखाने पिणार?

म्हणून जपून लिहिलं होतं: वेळेवर हजर राहीन, आदेश पाळीन, कोणाविरुद्ध तक्रार करणार नाही.

“हे हमीपत्र झालं,” मॅडम म्हणाल्या. त्या रत्नागिरीकडच्या, रागावल्या तरी आवाज चढत नाही, त्यामुळे माणसाला अंदाजच येत नाही. “मुलांना शिकवायचंय कशासाठी, ते लिहा.”

दुसऱ्यांदा मी कारखान्याच्या गेटवरच्या फलकाचा मजकूर उतरवून काढला. जागतिक दर्जा, ग्राहकांचं समाधान, सगळं.

“इथे ग्राहक कोण?” त्यांनी विचारलं.

घरी येऊन बायकोसमोर तणतणलो. “जागा आधीच कोणाला तरी दिलेली असणार. मला नुसतं खेळवतायत. नाहीतर कारखान्यातून फोन आला असेल.”

सरिता मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “फोन करून काय सांगतील? लखनभाऊंचं?”

ते नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. अकरा वर्षांपूर्वी माल झपाट्याने निघावा म्हणून साहेबांनी प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढायला सांगितली. काढली मी. त्या मशीनवर लखन होता, माझ्याच गावचा, नंदुरबारकडचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. खुलासा मी लिहिला: ‘कामगाराने स्वतःच जाळी काढली.’ त्याची नोकरी गेली, माझी राहिली. मला याची लाज वाटते. रोज वाटते.

त्या दुपारी तिसरा कागद लिहायला बसलो. मजकूर सांगायला कोणी नव्हतं, म्हणून वेळ लागला. जाळी मी काढली. खुलासा खोटा होता. जाळी नसेल तर मशीनला हात लावायचा नाही, साहेब डोक्यावर उभा असला तरी नाही, हे मला पोरांना शिकवायचंय. बस, एवढंच.

मॅडमनी तो दोनदा वाचला. माझी नजर त्यांच्या फोनवर. आता कोणाला लावतात?

“स्वतःच्या अक्षरात कशाला हवं होतं?” मी शेवटी विचारलंच.

“फळ्यावर लिहिलेलं मुलांना वाचता येईल का, ते बघायला,” त्या म्हणाल्या. “सोमवारी या.”

तरीही मी दुसरी प्रत पुढे करून पोच घेतली. शिक्का, तारीख, सही. ते मी सोडत नाही.

ती प्रत घेऊन तसाच गलोंड्याला गेलो. लखन तिथे एका गोदामाच्या गेटवर बसतो. डाव्या हातात कागद धरून त्याने सावकाश वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली, शिक्का अंगठ्याने घासून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी ओळखलं. आठवडाभर मी मॅडमकडे तसंच बघत होतो.

“हाई कोनी लिखाले लायं तुले?”

“कोनीच नही.” या वेळी मजकूरही माझाच होता.

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने कागदाची घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली.

“राहू दे मनाजोडे,” तो म्हणाला. “तू उद्या दुसरं लिखशी.”