यादी वाचायची राहिली

भरीत नसेल तर आबाच्या वाडीत सभा होत नाही. नोटीस काढा, दारोदार फिरा, गळ्याची शपथ घाला, लोक "हो हो, येतो ना अक्का" म्हणतात आणि दार लोटून टीव्ही बघत बसतात. पण जानेवारीतल्या एका रविवारी मैदानात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला आणि वांगी भाजल्याचा वास सुटला, की घराघरातून माणूस आपापलं ताट घेऊन हजर. ही युक्ती लताबाईच्या नवऱ्याची, शालिग्रामची. तो नऊ वर्षांपूर्वी गेला. जाताना युक्ती, मंडळाचं दफ्तर आणि पन्नास किलो वांगी बायकोच्या गळ्यात टाकून गेला.

यंदा वांगी निवडतानाच लताबाईनं ठरवलं होतं, की हे आपल्या हातचं शेवटचं भरीत.

दमली होती बाई. का दमणार नाही? बोअरची मोटर जळली, की अक्का. गटार तुंबलं, की अक्का. अमक्यानं ओटा दोन फूट पुढं काढला, तमक्याच्या नळाला पाणी कमी येतं, महापालिकेत अर्ज द्यायचाय, अक्का, अक्का, अक्का. आणि एवढं करून कोणी चांगलं म्हणेल तर शपथ. त्रेसष्टाव्या वर्षी गुडघा वाळल्या शेंगेसारखा कुरकुरत होता आणि लोकांना वाटायचं, मंडळ म्हणजे लताबाई आणि लताबाई म्हणजे मंडळ. मेली असती तर तिरडीवरून उठवून विचारलं असतं, मोटरीची चावी कुठं ठेवली म्हणून.

हे मंडळ तरी काय होतं? मेहरूणच्या तलावापलीकडे जीवराम आबांची चार एकर जमीन होती. केळीचे बागायतदार, पोरबाळ नव्हतं. त्यांनी मरायच्या आधी ती जमीन एका विश्वस्त मंडळाला देऊन टाकली, ज्यांना शहरात घर परवडत नाही अशांसाठी. अट एकच, पण पक्की. जमीन कायम मंडळाची. वरचं घर तुमचं. राहा, पोरांना द्या, रंग लावा, काय हवं ते करा. पण सोडून जायचं झालं तर बाजारात विकायचं नाही. मंडळाला परत द्यायचं, ठरलेल्या हिशेबानं आपलं घातलेलं घेऊन जायचं, आणि तेवढ्यातच ते घर यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचं. म्हणून तर पंचवीस वर्षांनीसुद्धा इथलं घर हमालाला, शिलाईवालीला परवडत होतं. आणि आबांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं, की प्रत्येक सभेच्या आधी ती यादी मोठ्यानं वाचायची. आत बसलेल्यांना कळलं पाहिजे, बाहेर कोण उभं आहे.

लोक यादी वाचताना शेंगदाणे खायचे, ती गोष्ट निराळी.

आता वाडीच्या समोरून मोठा रस्ता झाला होता आणि पलीकडच्या प्लॉटचे भाव ऐकून माणसांची झोप उडाली होती. चार नंबरच्या प्रेमराजनं ठराव आणला: जमिनीचे एकतीस तुकडे करा आणि ज्याचा त्याच्या नावावर चढवा. प्रेमराजचं मोबाइलचं दुकान होतं आणि जीभ दुकानापेक्षा मोठी होती. घटनेत लिहिलं होतं, एकतीसपैकी चोवीस हात वर झाले तरच असा बदल होईल. प्रेमराजनं महिनाभर दारं पुजून हात गोळा केले होते.

लताबाईचा मुलगा हितेंद्र नाशिकला कंपनीत होता. तो खास सभेसाठी आला होता. "आई, बस झालं आता," तो सकाळीच म्हणाला. "प्लॉट नावावर झाला की विकू. माझ्याकडं ये. लिफ्ट आहे, खाली देऊळ आहे. कोणी येऊन तुला मोटरीचं विचारणार नाही."

मोटरीचं विचारणार नाही! एवढ्या एका वाक्यावर लताबाईचं मन गेलं होतं. तिनं त्याला शब्द दिला होता, माझा हात वर होईल.

एकच टोचणी होती. सतरा नंबरवाल्या तोतारामच्या पोरांनी दिवाळीत ते घर मंडळाला परत केलं होतं आणि यादीत पहिलं नाव होतं बेबाबाईचं. अकरा वर्षं वाट बघून ती वर आली होती. जमिनीचे तुकडे आधी झाले असते तर सतरा नंबरवर कोण कोण तुटून पडलं असतं, देव जाणे. प्रेमराज म्हणत होता, ठराव आधी घ्या. लताबाईनं विषयपत्रिकेत बेबाबाईला वर घातलं. जाता जाता एवढं तरी पुण्य पदरात पडू दे. हिला घर मिळालं, की आपण मोकळ्या.

बेबाबाई मूळची एरंडोलकडची, नवरा नसलेली, लोकांच्या घरी पोळ्या करणारी. यादीत नाव लागलं त्या वर्षापासून ती न बोलावता भरताला यायची आणि जाळाशी बसायची. सभासद नाही, मत नाही, मांडवात बसायचा हक्क नाही. सभा चालायची तेव्हा ही बाहेर वांगी उलटीपालटी करायची. लताबाई मग येऊन कानात सांगायची, "बेबा, आता चौथी गं." पुढच्या वर्षी, "तिसरी."

आजही ती उजाडताच आली. "अक्का, तुम्ही बसा. गुडघा दुखस ना? वांगा मी देखस."

"आज तुझं काम होणार बघ," लताबाई म्हणाली.

बेबाबाईनं हातातली काडी जाळात टाकली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. धुरानं की कशानं, कोणाला ठाऊक. मग ती उठली आणि लाकडी बडगीत वांगी ठेचायला लागली, ती अशी की बडगी फुटते की काय.

सभा बाराला सुरू झाली. लताबाई दफ्तर उघडून बसली. यादीची वही वरच होती. तिनं ती खाली सरकवली. आज नको. दुपारनंतर यादीच राहणार नव्हती, तर मेलेल्याच्या नावानं हाका कशाला मारा? कोणी विचारलंही नाही. इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि एका माणसाच्या लक्षात येऊ नये! तिला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पहिला विषय, सतरा नंबर बेबाबाईला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबाबाईला बाहेरून बोलावलं. ती राखेचे हात लुगड्याला पुसत आली, सही केली, सभासद झाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मांडवात सतरंजीवर बसली. चोरासारखी, कडेला. लताबाईचे डोळे भरून आले. झालं, देवा. आपलं काम झालं.

दुसरा विषय. प्रेमराज बोलला, पुष्कळ बोलला. मग म्हणाला, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. प्रेमराज बोटानं मोजत फिरू लागला. वीस. एकवीस. बावीस. तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं आणि मग दुप्पट उमटलं.

"तेवीस!"

तेविसावा हात बेबाबाईचा होता. राखेनं काळा, कोपरापर्यंत भरताचा वास येणारा, सरळ वर.

लताबाईला आधी वाटलं, बाईला कळलं नाही. अडाणी आहे, चुकून केला. पण बेबाबाई तिच्याकडं बघत नव्हती. समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून. कळून केला होता.

"अक्का," प्रेमराज लाडानं म्हणाला, "आता तुमचा चोविसावा."

हितेंद्र मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं आईकडं बघून मान हलवली.

लताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अगं सटवे! आत्ता तर उंबरा ओलांडलास, अजून कुलूप उघडलं नाहीस, आणि मागच्यांच्या तोंडावर दार लावतेस? नऊ वर्षं मी तुझं नाव वाचलं, लोक शेंगा खात असताना वाचलं, ते याच्यासाठी? तिला उठून तो हात धरून खाली ओढावासा वाटला.

आणि मग तिला आपला हात दिसला. मांडीवर, दफ्तरावर ठेवलेला, वर जायला तयार. बेबाबाईचा हात म्हणत होता, माझं झालं. आणि आपण सकाळपासून काय म्हणत होतो? माझं झालं. मी सुटले. त्या बाईला निदान कोणी यादी वाचून दाखवली नव्हती. आपण तर वही हातानं खाली सरकवली. आपल्या नवऱ्याच्या अक्षरात सुरू झालेली वही.

"अक्का?"

"माझा हात नाही," लताबाई म्हणाली.

"काय?"

"नाही म्हणते ना! बहिरा आहेस का? तेवीस झाले. ठराव पडला. लिहून घे."

मग जो गोंधळ उडाला तो काही सांगायला नको. कोणी म्हणालं, म्हातारीला सत्ता सोडवत नाही. कोणी म्हणालं, हिला कोणी काहीतरी चारलं असणार. लताबाई ऐकत बसली. हितेंद्र जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता रे," ती म्हणाली. "मोडला. तुझ्याकडं येते, पण हे विकून नाही येत. चालेल का तुला?"

 हितेंद्र ताट घेऊन दूर जाऊन बसला. भरीत मात्र सगळ्यांनी खाल्लं. भांडण कितीही होवो, कळण्याची पुरी आणि भरीत टाकून जाणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचा आहे. 

तीन वाजता मांडव रिकामा झाला. बेबाबाई दर वर्षीसारखी बडगी घासायला बसली होती. लताबाई दफ्तर घेऊन तिच्यापाशी गेली आणि उलट्या घमेल्यावर बसली. 

बेबाबाई घासता घासता म्हणाली, "रागे भरनात ना अक्का?"

"भरले."

"सात येळा सामान उचलं मी. सात. घरमालक येस, नि सांगस, पहिली तारीखले खोली खाली कर. घर मनं नि जमीन मंडळनी, हाई माले समजत नही. माले मना नावना कागद पाहिजे, अक्का. एकदाव तरी." तिनं बडगी खाली ठेवली. "मी काय वाईट करं?"

 वाईट केलं म्हणावं, तर सात खोल्या लताबाईच्या डोळ्यांपुढं येत होत्या. नाही म्हणावं, तर जिभेला जड जात होतं. तिनं दफ्तरातून वही काढली आणि बेबाबाईच्या ओल्या हातात दिली.

"ही धर. मी सोडलं. मोटरीची चावी प्रेमराजला देते, लई हौस आहे त्याला. पण पुढच्या वर्षापासून यादी तू वाचायची. चौथी शिकलीस ना?"

"मी? मी नही वाचस. लोके हासतीन."

"हसू दे. माझं तरी कुठं कोणी ऐकायचं? तुझ्या नावावर मघाच रेघ मारली. आता पहिलं कोण, ते वाच."

बेबाबाईनं हात लुगड्याला पुसले. वही उन्हाकडं तिरपी धरली आणि अक्षरावर बोट ठेवलं. "सु... ल... सुलक्षणा. सुलक्षणा पुना..." बोट पत्त्यावर गेलं आणि थांबलं. ती गल्ली तिचीच होती. पत्र्याच्या खोल्या, तेल गिरणीमागं.

"हाई ते मनी शेजारीण शे," ती म्हणाली. "अक्का, आमनी भीत एक शे! तिना पोऱ्या दिनभर मनाकडे ऱ्हास."

"सहा वर्षं झाली तिला यादीत."

"तिनी माले कधी सांगं नही!"

"तू सांगितलं होतंस तिला?"

बेबाबाईनं वही मिटली. सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. आपला नंबर कोणी ढापेल म्हणून जपून ठेवलेली गोष्ट. भरताच्या दिवशी ती शेजारणीला सांगून निघायची, की लग्नाच्या पोळ्या लाटायला चालले. आणि संध्याकाळी डबा घेऊन परतायची. तो डबा दोघी मिळून खायच्या, एका पितळीत.

लताबाई उठली. गुडघा कुरकुरला. पातेल्याच्या तळाशी उरलेलं भरीत तिनं स्टीलच्या डब्यात भरलं, वर दोन पुऱ्या ठेवल्या, झाकण दाबलं आणि डबा बेबाबाईपुढं सरकवला.

बेबाबाईनं डबा घेतला नाही.

"तिले काय सांगू अक्का?"

"सांग, तुझा नंबर पहिला लागला."

"नि मी हात वर करा, ते?"

लताबाईनं विझत आलेल्या काड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. धूर उठला.

"ते तुझं तू बघ," ती म्हणाली आणि घराकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं तेव्हा बेबाबाई तिथंच बसली होती, एका मांडीवर वही आणि पुढ्यात डबा.