सहाय्यकाचा नंबर

मी आंधळी आहे, बावळट नाही. हे वाक्य आजवर इतक्यांदा बोलून झालंय की त्याची चीडही यायची बंद झाली होती. परवा मात्र आली, आणि अजून उतरलेली नाही.

मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते. आतून बाहेर जाणारा प्रत्येक फोन माझ्या हातून जातो. नंबर लावायचा, जोडून द्यायचा आणि लाइनवरून बाजूला व्हायचं. एकोणीस वर्षांत मी कोणाचं बोलणं चोरून ऐकलेलं नाही.

दोनेक महिन्यांपूर्वी हॉस्पिटलनं मोबाइलवरचं ॲप काढलं. डॉक्टरांची वेळ, रिपोर्ट, ऑपरेशनची संमती, सगळं त्यातच. माझा फोन बोलका आहे, पडद्यावर असेल ते वाचून दाखवतो. या ॲपवर तो बिचारा ‘बटण, बटण, चित्र, बटण’ एवढंच म्हणतो. मी संगणक विभागाच्या साहेबांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आम्ही स्वतः डोळे मिटून तपासलंय, उत्तम चालतं. अहो, ज्यानं बनवलं त्याला कुठलं बटण कुठे आहे ते झोपेतही कळणार. स्वतःच्या घरात डोळे मिटून फिरण्यात कसली आलीय मर्दुमकी?

मग मला छातीत गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला दिला, तेव्हा याच ॲपवर नोंद करावी लागली. ‘दिव्यांग’ अशी खूण केली की सहाय्यकाचा नंबर दिल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. मी म्हटलं, मला सहाय्यक नाही, मी नोकरी करते, स्वतःचा भाजीपाला स्वतः निवडून आणते. खिडकीवरचा कारकून म्हणाला, बाई, मागे रांग आहे. दिला मग दादाचा नंबर. मी दादा-वहिनीकडेच राहते.

रोज संध्याकाळी मी दादाला विचारायची, रिपोर्ट आला का रे? तो म्हणायचा, अजून नाही. घरात मात्र सगळे एकाएकी गोडगोड वागायला लागले. एरवी माझ्याशी धड दोन शब्द न बोलणारी वहिनी आंघोळीला गरम पाणी काढून द्यायला लागली. भाच्यानं न सांगता टीव्हीचा आवाज कमी केला. मला वाटलं, यांना माझ्याकडून काहीतरी हवंय.

परवा सकाळी सर्जरीच्या वॉर्डातून नव्या सिस्टरचा फोन आला. उद्या ऑपरेशन असलेल्या पेशंटच्या घरी सूचना द्यायच्या आहेत, एवढा नंबर लावून द्या म्हणाली. ती आकडे सांगत गेली, मी दाबत गेले. सहाव्या आकड्यानंतर तिनं सांगायची गरजच उरली नाही. तो दादाचा नंबर होता.

मी जोडून दिला, आणि जन्मात पहिल्यांदा लाइनवर थांबले. सिस्टर सांगत होती की रात्री दहानंतर काही खायला देऊ नका, डावा स्तन पूर्ण काढायचाय, संमती तुम्ही ॲपवर दिलेलीच आहे. दादा म्हणत होता, हो, तिला आज संध्याकाळी सांगू, हळूहळू.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोर्ड सोबतिणीच्या हाती दिला, दादाला फोन करून ताबडतोब बोलावून घेतलं, काठी उचलली आणि थेट सर्जनबाईंची खोली गाठली. दादा येऊन बाजूच्या खुर्चीत बसला, तेव्हा मी बाईंना म्हटलं, “माझा रिपोर्ट वाचा. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता.”

त्यांनी वाचला. रिपोर्ट येऊन नऊ दिवस झाले होते. कॅन्सर होता, पण लहान, वेळेत सापडलेला. पुढे दोन पर्याय होते. फक्त गाठ काढून किरणांचे उपचार घ्यायचे, नाहीतर स्तन पूर्ण काढायचा. जगण्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या पडद्यावर माझं नाव होतं आणि निवडलेला पर्याय होता. तो कोणी निवडला हे तिथे दिसतच नव्हतं. माझी-त्यांची भेट ठरली होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनच्या आधी अर्धा तास.

दादानं घसा साफ केला. “एकदाचं सगळं निघून जाऊ दे म्हटलं. जीव महत्त्वाचा ना? आणि तसंही, तुला आरशात थोडंच बघायचंय?”

हा माझा सख्खा भाऊ. वाईट माणूस नाही. मी आजारी पडले तर उशाशी बसणारा. आणि त्याला मनापासून वाटत होतं की जे मला दिसत नाही ते माझं नाहीच.

“ही गाठ कोणाला सापडली, दादा?” मी विचारलं. “तुझ्या डोळ्यांना? यांच्या मशीनला? माझ्या बोटांना सापडली. माझं अंग मी रोज बघते.”

मी सर्जनबाईंना सांगितलं, फक्त गाठ काढा, बाकी माझं आहे तसं राहू दे. त्यांनी पर्याय बदलायला घेतला, आणि अवघडून म्हणाल्या की बदलासाठी कोड लागतो, आणि तो सहाय्यकाच्याच फोनवर जातो.

दादाचा फोन खिशात वाजला. माझ्या शरीराबद्दलचा माझाच निर्णय, आणि तो विचारायला ॲप गेलं दादाच्या खिशात.

“वाच,” मी म्हटलं.

तो एकेक आकडा वाचायला लागला. चौथ्या आकड्याला त्याचा आवाज फुटला आणि तो रडायला लागला. एरवी मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. त्या दिवशी नाही फिरवला. आधी रडायची पाळी माझी होती, आणि नऊ दिवस माझ्याच घरात माझ्यापासून लपून हे सगळे रडून घेत होते.

“अजून दोन आकडे राहिलेत,” मी म्हटलं.