काउंटेस कोण?

लेखकाचं नाव न छापता कादंबरी काढायची आणि मग लंडनच्या बड्या लोकांनी चहाच्या टेबलावर त्यातली माणसं ओळखत बसायचं, अशी तेव्हाची रीत. ॲम्ब्रोज थॉर्नने तीन भागांत स्वतःचंच आयुष्य लिहून काढलं होतं. त्यातली वाचाळ, हट्टी काउंटेस म्हणजे लेडी ब्रॅमशॉट. नाव तेवढं बदललेलं.

आणि आता त्याला पार्लमेंटात जायचं होतं! लेडीबाईंच्या जमिनीवरची कुळं त्या सांगतील त्यालाच मत देत. त्यांनीच आज बोलावलं होतं.

"कुत्र्याला चमच्याने पुडिंग भरवणारी बाई एकच आहे, म्हटलं नव्हतं मी?" दिवाणखान्यात थांबलेली त्याची बहीण लव्हिनिया कुजबुजली. तान्ह्या फीलिक्सला ती खांद्यावर थोपटत होती.

"मला वाटलं, त्या वाचत नाहीत."

"शहाणाच आहेस!"

तेवढ्यात लेडीबाई आल्या. हातात तिसरा भाग.

"हे तुमचंच ना, मिस्टर थॉर्न? नाही म्हणू नका, कान लाल झालेत तुमचे."

"माझंच, बाईसाहेब."

"मग ही काउंटेस कोण?"

लव्हिनियाचा थोपटणारा हात थांबला. दुसरं एखादं नाव घे आणि सूट, असं तिला भावाला ओरडून सांगावंसं वाटलं. पुढे देशाचा कारभार हाकणारा हा माणूस तेव्हा पार घामाघूम झाला होता.

"तुम्हीच," तो म्हणाला.

लेडीबाई धपकन खुर्चीत बसल्या.

"सुटले बाई! ती मेली लेडी पेनरोझ गावभर सांगत सुटलीय, काउंटेस म्हणजे आपणच. तिच्यात आहे का एवढा ताठा? पुस्तकात नसण्याची नामुष्की मला या वयात सोसली नसती हो." मग बोट रोखून म्हणाल्या, "तिच्यासमोर हेच सांगायचं. सोमवारी माझ्या कुळांना भेटा. तिथे मात्र एवढं पाल्हाळ नको."

फाटकाबाहेर येताच ॲम्ब्रोजने टोपी काढली आणि बहिणीपुढे हात पसरले.

"दे त्याला इकडे."

"हात बघ कसे थरथरतायत!"

"म्हणूनच. काहीतरी धरायला हवंय."

तिने बाळ त्याच्या हातांत अलगद ठेवलं. फीलिक्सने मामाचा गळपट्टा मुठीत धरून ओढला, तसा तो मामा भर रस्त्यात मोठ्याने हसू लागला.