गोधडीसाठी इस्त्री निवडताना

वजन

जड हवी. गोधडीचे तुकडे जोडताना प्रत्येक शिवण आधी दाबून बसवायची, मगच पुढची जोड. इस्त्री हलकी असली की जोर हाताला लावावा लागतो, आणि माझ्या सासूबाईंच्या मनगटाने तीस वर्षं तो लावून झालाय. दुकानदाराने पहिली इस्त्री दिली तेव्हा त्यांनी ती तोलली आणि परत ठेवली.

"ही आमच्या चिमीला दे खेळायला."

चिमी माझी मुलगी, अडीच वर्षांची. सोमवारपासून मी नोकरीवर जाणार आणि ती दिवसभर आजीजवळ, शिवणाच्या खोलीत राहणार. म्हणून नवी इस्त्री. जुनी दोनदा चालूच राहिली होती. दुसऱ्या वेळी टेबलाचं लाकूड बोटभर खोल जळालं.

तळ

सपाट, भोकं नसलेला. इथे सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत.

"वाफेची घ्या काकू, सगळे तीच नेतात."

"सगळे शर्ट करतात, मी तुकडे जोडते. वाफ लागली की तिरका कापलेला तुकडा ताणतो. चौकोनाचा पतंग होतो. भोकांचे ठसे उमटतात ते वेगळेच."

"मग काकू, तुम्हीच चालवा दुकान."

"चालवीन. पण तुला ठेवणार नाही."

तार

टेबलाच्या कडेवरून लोंबू नये. चिमीचा हात आता कडेपर्यंत पोचतो.

आपोआप बंद होणे

आठ मिनिटं हात लागला नाही की बंद. मला हीच हवी होती.

"आठ मिनिटांत माझी एक पट्टी शिवून होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मशीनवरून उठून यावं तर ही गार. तापेपर्यंत मी काय हिचं तोंड बघत बसू?"

"सुरक्षित असते, आई."

"म्हणजे मी नाही."

आईला लागेल असं काही बोलू नकोस, असं नवऱ्याने बजावलं होतं. तो नेहमी बजावतो आणि बरोबर येत नाही.

उष्णता

दुकानदाराने दोन इस्त्र्या लावल्या. दिवा विझला की तापली, असं तो सांगत होता. सासूबाई दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्या बोट जिभेने ओलं करतात आणि तळाला टेकवतात. चुर्र झालं की सुती कापडाला तयार. टेकवलं, उचललं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मलाही त्यांनीच शिकवलंय.

त्यांनी बोट टेकवलं. चुर्र झालं.

बोट तिथेच राहिलं.

"वेळ घेते रे तापायला," त्या म्हणाल्या.

आवाज थांबला. वास आला. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी त्यांचं मनगट धरून ओढलं, तेव्हा त्या माझ्यावरच चिडल्या.

"काय गं?"

"आई, भाजलंय."

बोटाचं टोक पांढरं, चकचकीत झालं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि मूठ मिटली.

"सुया टोचून टोचून दगड झालीत बोटं. दे रे ती आपोआप बंद होणारी. सुनेचं खरं होऊ दे एकदा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगते, मला आनंद झाला.

हमी

दोन वर्षं.



घरी आल्यावर इस्त्री लावली आणि घड्याळ घेऊन बसले. आठ मिनिटांनी बंद झाली. पुन्हा लावली. पुन्हा बंद झाली. मी नवऱ्याला फोन केला, म्हटलं, काळजी मिटली. आत आजी नातीला आंघोळ घालणार होती. सोमवारची रंगीत तालीम.

"आजी, गलम?"

"नाही गं राणी, कोमट आहे. हे बघ, मी हात घातलाय ना."

मी दारात गेले. आरशावर वाफ धरली होती, पलीकडची भिंत नीट दिसत नव्हती. सासूबाई टबात हात घालून सावकाश ढवळत होत्या. चिमीने काठावर एक पाय ठेवला होता.

मी तिला उचललं, मग पाण्याला बोट लावलं. लगेच तोंडात घातलं.

सासूबाईंनी हात बाहेर काढला. मनगटापर्यंत लालभडक. त्या आधी त्याच्याकडे, मग माझ्या तोंडातल्या बोटाकडे बघत राहिल्या.

"किती दिवस झाले, आई?"

"उजव्याला सहा महिने." दुसरा हात पुढे करत म्हणाल्या, "डाव्याला अजून कळतं जरा. सोमवारी डाव्याने बघीन. त्याला सांगू नकोस."

चिमी माझ्या कडेवरून आजीकडे झेपावत होती. फोन चालूच होता.

"काय झालं? इस्त्री बिघडली का?" नवरा विचारत होता.

"इस्त्री ठीक आहे," मी म्हणाले. "सोमवारी मी जात नाहीये."

सासूबाईंनी टबात हात घातला, तोच हात, आणि तळाचं बूच ओढलं. पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.